नावाची चादर, बिननावाचा टॉवेल

परवा रविवारी कटिंगला बसलो होतो, सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडं आमचं ठरलेलं दुकान आहे, आणि पोरानं गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला तर तो एकदम ओळखीचा वाटला. पांढरा, जाड, बॉर्डरला विणलेलं इंग्रजी नाव. आरशात नाव उलटं दिसत होतं तरी वाचता आलं कारण ते नाव जुलै महिन्यात मी पॅकिंग लिस्टवर इतक्यांदा टाईप केलंय की डोळे मिटून टाकलं असतं. आमच्याच कारखान्याचा माल. अमेरिकेतल्या कुठल्यातरी हॉटेलच्या बाथरूममध्ये घडी घालून ठेवायचा तो माझ्या मानेला, आणि त्यावर दाढीचा फेस.

"कुठनं आणला बे हा?"

"किलोवर घेतलाय अण्णा. डागी माल म्हणून विकत होते. पण डाग काय दिसंना मला, तुम्हाला दिसतोय का बघा."

डाग नव्हताच. ऑर्डर कॅन्सल झालेली. मी काही बोललो नाही, मान खाली घालून बसलो, तशीही घालावीच लागते तिथं.

माझी ओळख करून द्यायची तर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदं बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेच्या फेऱ्या, न्हावा शेवा बंदरातल्या एजंटाला दिवसातून दहा फोन. ६३०२६० हा आमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या कागदावरचा मालाचा नंबर, झोपेत विचारलं तरी सांगीन. वडील आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणत होते, आई विड्या वळायची. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्हीची कानडी-हिंदीसकट भेळ. पूर्व भागातल्या हजारो घरांसारखं घर, वेगळं काही नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी भाची आली वही घेऊन. अकरावी कॉमर्स, प्रोजेक्ट मिळालाय, जागतिकीकरणाचे विकसनशील देशांच्या अर्थव्यवस्थेवर होणारे परिणाम. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ मारून आणलेली, डावीकडं फायदे, उजवीकडं तोटे. "मामा तू एक्स्पोर्टमध्ये आहेस ना, पाच इकडं पाच तिकडं सांग की पटपट." मी सांगायला लागलो आणि तिसऱ्या मुद्द्यालाच अडकलो, कारण डोक्यात तो न्हाव्याचा टॉवेल होता आणि तो रेघेच्या कुठल्या बाजूला टाकायचा तेच कळेना. तिनं शेवटी गाईडमधनं उतरवून घेतलं. मला मात्र तेव्हापासून हे लिहून काढायचं होतं.

१९९१ चं तिला पाठ होतं. देशाकडं दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरलेले, ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण टाकलं, १ जुलै आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया उतरवला, २४ जुलैला मनमोहन सिंगांचं बजेट. आणि आज परकीय गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या आसपास. हे सगळं खरं आहे आणि त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, कारण घरच्या पाटल्या गहाण पडल्या की घरात काय होतं ते मी पाह्यलंय. फक्त नायनांना (आम्ही वडलांना नायना म्हणतो) एकदा विचारलेलं, ९१ ला काय आठवतं तुम्हाला, तर म्हणाले, "राजीव गांधी गेले, आणि सूत महागलं." बास. देशाचा दरवाजा उघडला त्या महिन्यात आमच्या घरात सुताच्या भावाची चर्चा चालली होती. मला आता वाटतं तेच बरोबर होतं, आमच्याकडं जग यायचं ते नेहमी सुताच्या भावातनंच आलं.

पुढं जायच्या आधी एक. सोलापुरात काहीही बंद पडलं की जागतिकीकरणानं खाल्लं म्हणायची सवय आहे, गिरण्यांचा विषय निघाला की हमखास. 'जुनी गिरणी' म्हणतात ती १८७७ ची. तिला टाळं लागलं १९४९ साली, कारभार बिघडला म्हणून, मग १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून ताब्यात घेतली, भागधारक कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेली आणि ती केस आजही वकिलीच्या पोरांना शिकायला असते. तेव्हा ना डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) होतं ना चीनचा माल. त्यामुळं प्रत्येक बंद चिमणीचा दोष परदेशावर टाकता येत नाही. आपल्या माणसांनीही बरंच काही स्वतःच्या हातानं केलेलं आहे.

आता चादर.

आईच्या ट्रंकेत एक चादर आहे, नायनांनी स्वतः विणलेली, मालकानं त्यांना दिवाळीला दिलेली. साठ बाय नव्वद इंची, मेहंदी रंगात मोर, कडेला वेल. इतकी जड की धुतल्यावर पिळायला दोन माणसं लागतात, एक या टोकाला एक त्या टोकाला, आणि पाणी गळायचं थांबेपर्यंत दोघांचे हात भरून येतात. तीस वर्षं झाली, मोराचा तुरा अजून जागेवर. नायना खरी चादर ओळखायला एकच गोष्ट करायचे, कोपरा धरून उलटवायचे. खऱ्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते. वर हिरव्यावर पांढरा मोर असला तर खाली पांढऱ्यावर हिरवा, पण मोर असतोच, कारण तो छापलेला नसतो, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, पंचकार्डाच्या भोकाभोकानं ताण्याबाण्यात, उभ्या-आडव्या धाग्यांत, विणलेला असतो. "जिला पाठ असते ती आपली नव्हं," असं म्हणायचे.

या चादरीला जीआय मिळालंय, भौगोलिक मानांकन, वीस वर्षं झाली. म्हणजे सोलापूरच्या बाहेर विणलेल्या चादरीला कायद्यानं सोलापुरी म्हणता येत नाही. कायद्यानं. प्रत्यक्षात तुम्ही कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर उभं राहा, अगदी आमच्या पंढरपुरातसुद्धा, "सोलापुरी चादर, ओरिजिनल" म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे असतात आणि कोपरा उलटवला की पाठ निघते. बराचसा माल पानिपतकडचा. कोण केस करणार आणि कुणाकुणावर? चार माग असलेल्या मालकाला वकिलाची फी परवडत नाही आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

पण मला वाटतं नकलीपेक्षा मोठा मार वेगळाच बसला, आणि त्याबद्दल सोलापुरात कुणी मोकळेपणानं बोलत नाही. मिंक ब्लँकेट. १ एप्रिल २००१ ला शेवटच्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठले, भारत डब्ल्यूटीओत अमेरिकेविरुद्धची केस हरला होता त्यामुळं ते उठवणं भागच होतं, आणि त्यानंतरच्या वर्षांत चीनची ती मऊ, वाघाच्या नाहीतर गुलाबाच्या चित्राची ब्लँकेटं आली. नंतर तीच पानिपतवाले बनवायला लागले. पानिपतचं तर वेगळंच आहे, तिथं अमेरिका-युरोपातले टाकून दिलेले स्वेटर-कोट कंटेनर भरून येतात, फाडून त्याचं परत सूत करतात, आणि त्या सुताचं कांबळं गरीब देशांना मदतीचं म्हणून जातं. म्हणजे बघा, तिकडच्या माणसाचा जुना स्वेटर समुद्र ओलांडून येतो, पानिपतला पुनर्जन्म घेतो आणि बाजारात आमच्या चादरीच्या शेजारी बसून कमी भाव सांगतो. या धंद्याची ही लांबी-रुंदी आमच्या नायनांना कधी कळलीच नाही, त्यांना एवढंच दिसत होतं की मालक आठातले तीन माग बंद ठेवतोय.

आणि खोटं कशाला बोलू, आमच्या घरातही मिंक ब्लँकेट आहे. बायकोनं आणलं. हलकं, उबदार, वॉशिंग मशीनमध्ये जातं, दुपारपर्यंत वाळतं. दोन माणसं लावून चादर पिळायला आता घरात दोन माणसं रिकामी असतात का? नायना ते पांघरत नाहीत, "प्लास्टिक हाय ते" म्हणतात आणि तेही बरोबरच, पॉलिस्टरच की ते. पण नातवंडं त्यातच घुसून झोपतात. चादर हरली ती फक्त लबाडीनं नाही हरली, हे मान्य करायला पाहिजे.

मग चादरीचे मालक टॉवेलकडं वळले.

टॉवेलचं गणित वेगळं. चादर विकायची ती सोलापूरच्या नावावर, टॉवेल विकायचा तो वजनावर. किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम), किती इंची, किती डझन, डॉलरमध्ये रेट बोला. २००५ च्या आधी श्रीमंत देशांनी कापडावर कोटे लावलेले होते, १९७४ पासूनचे, कुठल्या देशानं किती माल पाठवायचा ते तेच ठरवणार. १ जानेवारी २००५ ला ते कोटे संपले. इकडं १९९९ पासून सरकारची मशिनरीसाठी व्याज सवलतीची योजना चालू होती, त्यात काहींनी युरोपातले वापरलेले रेपियर माग (यांना आडवा धागा न्यायला धोटा लागत नाही) आणले, तिकडं भंगारात निघालेले इथं येऊन राजे झाले. धोटा गेला, खटखट गेली, एक कामगार जास्त माग बघायला लागला. टेरी टॉवेल विणताना दोन ताणे लागतात, एक ताठ आणि एक सैल, फणी दोन-तीन आडवे धागे एकदम पुढं ठोकते तेव्हा सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात, ते फासे म्हणजेच पाणी टिपणारा मऊपणा. मला हे फार आवडतं बघायला. ताठ ताण्यावर सगळा भार आणि लोकांच्या गालाला लागतो तो सैल.

एक्स्पोर्टनं आमच्या भागात पैसा आणला हे मी नाकारणार नाही. माझा पगारच त्यातला. परदेशी ग्राहक ऑडिटला माणूस पाठवतो म्हणून कारखान्यात प्यायच्या पाण्याचा फिल्टर आला, बायकांसाठी वेगळं बाथरूम आलं, आग लागली तर पळायचा दरवाजा आला, आणि पीएफ भरतोय का ते गोरा माणूस विचारतो म्हणून भरला जायला लागला. इथल्या इन्स्पेक्टरला जे जमलं नाही ते तिकडच्या ग्राहकानं करून घेतलं. भाचीला म्हणलं हे फायद्यात लिही, ती म्हणली गाईडमध्ये नाही.

पण नाव? टेरी टॉवेललाही सोलापूरचं जीआय आहे, चादरीबरोबरच मिळालेलं. आजपर्यंत एकाही इन्व्हॉइसवर मला तो शब्द लिहायला कुणी सांगितलेला नाही. ग्राहकाचं लेबल, ग्राहकाचं नाव, ग्राहकाचा बारकोड, खाली नखाएवढं "मेड इन इंडिया". ज्या मालाला नाव होतं तो घरात पडून, आणि जो बिननावाचा झाला तो जगभर.

आता तो न्हाव्याचा टॉवेल.

अमेरिका हे भारतीय टॉवेल-बेडशीटचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आमच्या मालावर तिकडं आधीच ९ टक्क्यांच्या आसपास ड्युटी. ७ ऑगस्ट २०२५ पासून ट्रम्पनं त्यावर २५ टक्के लावले. ते पचवायचं कसं याच्या मीटिंगा चालू असतानाच, ६ ऑगस्टच्या रात्री आणखी २५ ची बातमी, २७ ऑगस्टपासून लागू, कारण काय तर भारत रशियाचं तेल घेतो. मी मोबाईलवर वाचलं आणि बायकोला म्हणलं, बघ, आपल्या टॉवेलचा आणि रशियाच्या तेलाचा संबंध लागला. पाकिस्तानला तेव्हा १९, बांगलादेशला २०. टॉवेलमध्ये पाकिस्तान आमचा थेट स्पर्धक, त्यांचा कापूस, त्यांच्या गिरण्या, माल जवळजवळ तसाच. पाच-दहा सेंटवर ऑर्डर फिरते तिथं तीस टक्क्यांचा फरक म्हणजे विषय संपला.

एक सवलत होती. २७ ऑगस्टच्या आधी माल जहाजात चढला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडं क्लिअर झाला तर वाढीव २५ लागणार नाही. मी कॅलेंडर घेऊन बसलो. न्हावा शेव्याहून न्यूयॉर्कला महिना तरी लागतो, त्यात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं २०२३ च्या शेवटापासून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागलेली. मी तीन वेगवेगळ्या लाईन्सची शेड्युलं लावून बघितली, कुठंही बसेना. आमच्या मालाचं हेमिंगच (कडा शिवायचं काम) अजून बाकी होतं. रात्री साडेअकराला ग्राहकाचा मेल आला, अतिशय सभ्य भाषेत, "प्लीज होल्ड". दोन आठवड्यांनी दुसरा, त्यात होल्डचं कॅन्सल झालं होतं.

आता या मालाची गोची अशी की बॉर्डरला हॉटेलचं नाव विणलेलं. छापलेलं असतं तर धुऊन काढलं असतं, लेबल असतं तर उसवलं असतं. विणलेलं नाव कसं काढणार? साधा पांढरा टॉवेल दुबईला विकता येतो, मुंबईच्या लॉजला विकता येतो. परक्याचं नाव अंगात विणलेला टॉवेल कुणाला विकणार? नियमानं बॉर्डर कापून विकायचा, थोडा तसा विकलाही, बाकीचा किलोवर गेला, आणि त्यातला एक अशोक चौकात पोचला.

तोटा कुणाला किती झाला ते मला कागदांवरनं दिसतं म्हणून सांगतो. ग्राहकानं ॲडव्हान्स फारसा दिलेला नव्हताच, तो सुटला. मालकाचं सुताचं बिल अडकलं, बँकेची लिमिट भरली, दोन महिने झोप गेली त्यांची, पण कारखाना उभा आहे. माझा पगार पंधरा दिवस लेट. मागावरच्या माणसाला नगावर मजुरी, माग उभा तर मजुरी उभी, त्याला त्याच आठवड्यापासून कळलं. आणि सगळ्यात आधी कुणाला कळलं तर घरी बसून टॉवेलचे सुटे धागे कापणाऱ्या बायकांना. आमच्याकडं चार-पाच मावश्या आहेत, रोज संध्याकाळी गाठोडं घेऊन जातात, सकाळी कापून आणून देतात. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरला नाही त्यामुळं त्यांना काढायचीही गरज पडली नाही. गाठोडं दिलं नाही, एवढंच. एक मावशी तीन दिवस गेटवर येऊन उभी राहिली, मग यायची थांबली. ऑर्डर वाढली तर हिचा रेट वाढायला वर्ष जातं, आणि ऑर्डर गेली की दुसऱ्या दिवशी हिचा हात रिकामा. फायदा वरनं खाली यायला एवढा वेळ घेतो आणि तोटा रातोरात कसा पोचतो, हे मला भाचीच्या पुस्तकात कुठंच सापडलं नाही.

तेवढ्यात १९ ऑगस्टला सरकारनं कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. ऑफिसमध्ये पेढे वाटायचेच बाकी होते, सूत स्वस्त होणार म्हणून. २०२२ ला कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) लाखाच्या वर गेली होती तेव्हा आम्ही काय भोगलंय ते आम्हालाच माहीत, त्याही वेळी हीच ड्युटी काढली होती. पण आमच्याकडं पॅकिंगला एक पोरगा आहे मराठवाड्यातला, त्याच्या बापाचा सहा एकर कापूस. तो गप्प होता. त्याचा कापूस बाजारात यायच्या तोंडाला बाहेरच्या कापसाला दार उघडलं. एकाच टेबलावर एकाला पेढा आणि एकाला चिमटा.

शेतीचं असंच आहे, आणि तिथं तर दार कधी बाहेरचे बंद करतात आणि कधी आपलेच. माझा मेव्हणा सांगोल्याकडं डाळिंब लावतो. सोलापूरच्या डाळिंबालाही जीआय आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भगवा वाण आखातात आणि युरोपात जातो. युरोपचं फळाबरोबर औषधाच्या अंशावर लक्ष. २०१० ला आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर तिकडं अडकले, किती तरी बागायतदार त्यात झोपले. त्यानंतर लोक वही ठेवायला लागले, कुठल्या तारखेला काय फवारलं, काढणीच्या किती दिवस आधी थांबवलं. मेव्हण्याची वही बघितली मी, बँकेच्या पासबुकापेक्षा नीट. मी विचारलं, आणि आपल्या मार्केट यार्डाला जाणारं डाळिंब? त्याला कोण तपासतं? तो हसला. "दाजी, तुम्ही खाताय की ते, तुम्हाला काय झालंय का?" परदेशातल्या माणसाच्या पोटाची जेवढी काळजी त्याच्या वहीत आहे तेवढी आपल्या पोटाची नाही, आणि याला जबाबदार मेव्हणा नाही, आपण विचारतच नाही.

कांद्याचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याची पट्टी हमाली-तोलाई-गाडीभाडं जाऊन २ रुपये आली, आणि ते २ रुपये पण चेकनं, पुढच्या तारखेच्या. देशभर फोटो फिरला. लक्षात घ्या, तेव्हा निर्यातीचं दार उघडंच होतं. मग त्याच वर्षी भाव चढायला लागला तसं १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि ८ डिसेंबरला सरळ बंदी. डिसेंबर-जानेवारी म्हणजे सोलापूर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रीघ लागायचे दिवस, नेमके तेव्हा. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरच्या किमान भावाची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून, शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. तोपर्यंत बाहेरचं गिऱ्हाईक पाकिस्तानकडं, इजिप्तकडं वळलेलं. शहरातल्या माणसाला कांदा महाग नको म्हणून हे करतात हे मला कळतं, मी पण शहरातलाच आहे, भाजी आणताना मी पण कुरकुरतो. पण पडल्या भावात शेतकऱ्यानं जगाशी स्पर्धा करायची आणि चढत्या भावात देशसेवा, हा कुठला हिशोब?

आमच्या घराचा हिशोब मांडला तर गंमतच आहे. नायनांची चादर चीनच्या आणि पानिपतच्या ब्लँकेटनं खाल्ली. माझा पगार डॉलरवर. ताईचा मोठा पोरगा पुण्यात हिंजवडीला, त्याचा पगारही डॉलरवरच म्हणायचा, अमेरिकन बँकेचं काहीतरी सॉफ्टवेअर बघतो. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून येणारी हुतात्मा एक्स्प्रेस बघा, निम्मी गाडी अशा पोरांचीच असते, पाठीवर कंपनीची बॅग आणि आईसाठी काहीतरी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाला एक लाख डॉलर फी लावली तेव्हा त्याचं अमेरिकेला जायचं चाललेलं ते थांबलं. ऑगस्टला मी, सप्टेंबरला तो. ताई म्हणली, त्या ट्रम्पनं आपल्याच घरावर नेम धरलाय का काय.

आणि या सगळ्यात ज्या पैशाला जगातल्या कुणाचा धक्का लागला नाही तो म्हणजे आईच्या विड्यांचा. दिवसाला हजार विड्या, सूप मांडीवर, कात्रीनं पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा. कारखान्यात नेऊन दिल्यावर छाट (नापास विड्या) निघायचा त्याचे पैसे कापायचे. मजुरी कमी, तंबाखूनं खोकला, पाठ गेलेली. पण डॉलर वर जावो नाहीतर खाली, चीनचं ब्लँकेट येवो नाहीतर न येवो, शनिवारी तिचे पैसे आले. चादरीचे माग बंद होते त्या दोन वर्षांत आमची शाळेची फी त्याच पैशातनं गेली. याचा अर्थ विडी चांगली असा मी काढत नाही, तिचा रात्रीचा खोकला मी ऐकलाय. पण जगापासून सुरक्षित असलेलं काम आमच्या घरात एकच होतं आणि ते सगळ्यात वाईट काम होतं, हे मला अजून नीट पचत नाही.

भाचीचा प्रोजेक्ट जमा झाला. दहापैकी आठ. तिनं शेवटी "उदाहरण : सोलापुरी चादर" असं फायद्यात टाकलेलं, का तर जीआयमुळं जगात ओळख मिळाली. मी काही बोललो नाही. नायनांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "वळख मिळाली, मग मागणी कुठाय?"

दिवाळी होऊन गेली. कारखान्यात निम्मे माग चालू आहेत. आखातातल्या एका ग्राहकाची चौकशी आलीय, भाव पाडून मागतोय पण मागतोय तरी, त्यावर मालक खूश. धागे कापणाऱ्या दोन मावश्या परत यायला लागल्यात, ती गेटवर उभी राहणारी नाही आली, कुणीतरी म्हणलं गारमेंटला युनिफॉर्मच्या काजा-बटनाला जाते आता. उद्या सकाळी सॅम्पल कुरिअरला द्यायचंय. ४५० जीएसएम, पांढरा. मी मालकांना विचारलं बॉर्डरला काय टाकायचं, ग्राहकानं डिझाईन पाठवलंय. ते म्हणाले, "काय टाकू नको. साधा ठेव. त्यानं नाही घेतला तर कुठंही खपला पाहिजे."